बोटाचं पहिलं पेर

बंदूक हातात दिसली की आमच्या खान्देशात माणसाला दोनच प्रश्न पडतात. "कितलाले लिधी?" आणि "कितली लांब मारस?" पहिल्याचं, म्हणजे किमतीचं, उत्तर देणारा थोडं कमी करून सांगतो, दुसऱ्याचं थोडं वाढवून. चापाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. चाप काय, ओढला की सुटतो, त्यात विचारायचं ते काय! पण छर्ऱ्याच्या बंदुकीशी माणसाची खरी गाठ पडते ती चापापाशीच. नळी, दुर्बीण, दस्ता यांना आपण धरतो, टेकतो, पुसतो. नेम लागणार की हुकणार हे मात्र बोटाचं पहिलं पेर आणि लोखंडाची एक वाकडी पट्टी हे दोघं मिळून ठरवतात, तेही काही मिलीमीटरच्या हालचालीत.

पुतण्यानं आणलेली एअर रायफल बघून हे सगळं डोक्यात आलं. चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं शेत आहे. केळीच्या बागेला लागून एक लांबट पत्र्याचं शेड, तूर-हरभरा काढून झाला की ते रिकामंच असतं. तिथे त्यानं वाळू भरलेली पोती रचून त्यावर कागदी टार्गेट लावलं होतं. चौकडीची पेटी उघडून त्यानं बंदूक बाहेर काढली, तर ती जेमतेम अडीच फुटांची. नाना, म्हणजे माझे चुलते, खाटेवर बसून बघत होते. त्यांनी इकडून तिकडून पाहिलं आणि विचारलं, "आर्धी बंदूक कथा गई रे?"

अर्धी बंदूक गेली कुठे, हा प्रश्न रास्त होता. हिला बुलपप म्हणतात. नळीची लांबी कमी केलेली नसते. बंदुकीचं सगळं यंत्र चापाच्या मागे, दस्त्याच्या पोटात सरकवलेलं असतं. नेहमीच्या रायफलीत गालाखाली नुसतं लाकूड येतं. इथे गालाखाली हवेची नळी, झडप आणि हातोडा. वजन सगळं खांद्याकडे, त्यामुळे पुढचा हात दमत नाही. बांधावर वा झाडाच्या बेचक्यात टेकायचीही गरज वाटत नाही, उभ्याउभ्या छान तोलली जाते. धरल्या धरल्या पहिलं मत चांगलंच झालं.

मग बोट चापावर गेलं.

चांगला चाप दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात पट्टी हलकेच मागे येते, काहीच घडत नाही. मग एका जागी ती अडते. इथे बोटाला कळतं की आता यापुढे गेलं की सुटणार. मोटारसायकलचा क्लच सोडताना गाडी 'धरते' ना, अगदी तो बिंदू. त्या बिंदूवर थांबता येणं हीच सगळी मजा. तिथे थांबून श्वास अर्धा सोडायचा, दुर्बिणीतली फुली ठिपक्यावर येऊ द्यायची आणि मग दाब इतका सावकाश वाढवायचा की बंदूक सुटल्याचं आपल्यालाच किंचित नवल वाटावं. 'आत्ता!' असं म्हणून ओढलं की गेलंच ते.

बुलपपची अडचण नेमकी इथे येते. चापाची पट्टी पुढे, आणि हातोडा अडवून ठेवणारा खटका मागे, जवळजवळ गालापाशी. मध्ये वीतभर अंतर. ते जोडायला एक सळई घालावी लागते. बोटानं दिलेला दाब त्या सळईतून प्रवास करून मागे पोचतो. वाटेत सळई केसभर वाकते, आपल्या खोबणीत घासते, आणि बोटाला परत येणारी बातमी पुसट होते. म्हणून बऱ्याच बुलपपचा चाप गिचगिचा लागतो. अडलं कुठे, सुटलं कधी, काही नीट उमगत नाही.

हिचा चाप तितका वाईट नाही, पण सळई आहे हे लपतही नाही. पहिला टप्पा लांब आणि हलका. अर्ध्या वाटेवर बारीक खरखर, कान देऊन ऐकल्यासारखं बोट दिलं तरच जाणवणारी. अडण्याची जागा सापडते, पण ठाम नाही. दोनदा हळूच पुढे-मागे करून खात्री करून घ्यावी लागते. सुटणं मात्र स्वच्छ. एकदा निघालं की मध्ये रेंगाळत नाही. पहिले काही छर्रे मी टार्गेटकडे न बघताच मारले असं म्हटलं तरी चालेल. सगळं लक्ष पेरात.

खरं तर हवा आधीच भरून ठेवलेल्या बंदुकीचा चाप हलका असायला काही हरकतच नसते, कारण खटक्याला अडवून धरायचा असतो फक्त एक छोटा हातोडा. तो सुटून झडपेवर आदळतो, झडप क्षणभर उघडते, हवा छर्ऱ्याला ढकलते. नळी मोडून भरायच्या जुन्या बंदुकीत मात्र खटक्यावर अख्ख्या स्प्रिंगचा जोर बसलेला असतो. साध्या बांधणीच्या खटक्याला एवढ्या जोराखालून सरकवायचं म्हणजे चाप जड आलाच. नानांची जुनी बंदूक तशीच. माळ्यावर पडलेली असते. तिचा चाप ओढताना सगळा हात आवळला जातो आणि नळीचं तोंड उजवीकडे झुकतं.

त्या जुनीची आणखी एक गंमत अशी की ती दोन्ही बाजूंनी लाथ मारते. स्प्रिंग सुटून दट्ट्या पुढे झेपावतो तेव्हा बंदूक आधी मागे येते. दट्ट्या हवेच्या गादीवर आदळून थांबतो तेव्हा ती पुढे झटका खाते. हे होईस्तोवर छर्रा अजून नळीतच असतो. म्हणून अशी बंदूक घट्ट आवळायची नसते, तळहातावर नुसती ठेवायची असते, दरवेळी तिला तसंच उडू द्यायचं. आणि छर्रा न घालता ती कधीच उडवू नये. पुढे छर्रा नसला की हवेची गादी तयार होत नाही, दट्ट्या थेट भिंतीवर आपटतो आणि त्याचं सील जातं. हे कितीही सांगा, घरी आलेला प्रत्येक पाहुणा "रिकामी वाजवून पाहू" म्हणतोच. नानांच्या बंदुकीनं असे पुष्कळ पाहुणे पचवले आहेत.

नव्या बंदुकीला लाथ जवळपास नाहीच. खांद्याला कळतही नाही. आवाज मात्र विचित्र जागेवरून येतो. यंत्र गालाखाली असल्यानं हातोड्याचा टण् थेट कानात. बाहेरच्याला वाटतं, बंदूक किती शांत, वाजवणाऱ्याला विचारा.

आणि दुर्बीण. बुलपपवर मान वाकवायला जागा नाही, म्हणून दुर्बीण उंच बसवतात. नळी खाली, नजर वर, मध्ये सहा-सात सेंटीमीटरचा फरक. पुतण्यानं ती २५ मीटरला जुळवून ठेवली होती. आम्ही मारत होतो १० मीटरवरून. छर्रे सगळे एकमेकांना चिकटून पडले, पण ठिपक्याच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली. शेजारच्या गड्यानं लगेच निकाल दिला, "नेम चुकला." नेम चुकलेला नव्हता. भोकं एका जागी पडली म्हणजे बोट, श्वास आणि चाप यांचं जमलं. वर-खाली करायला दुर्बिणीवर चक्री असते. पण लांबून भोकं बघणाऱ्याला हे पटवणं अवघड, जत्रेतल्या फुग्यांच्या दुकानावर आपण शिकलेलो असतो की फुटला तो नेम, न फुटला ती चूक. सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत, तापीकाठी, घोड्यांच्या बाजाराइतकीच गर्दी मी त्या फुग्यांच्या फळ्यांपुढे पाहिली आहे. तिथल्या बंदुकांची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, हमखास वाकलेली असते. शहाणा माणूस पहिला छर्रा नेमासाठी मारतच नाही, बंदूक किती खोटं बोलते ते बघायला मारतो.

१० मीटर हे अंतर ऐकायला किरकोळ वाटतं. ऑलिंपिकमध्ये एअर रायफल १९८४ पासून आहे आणि अंतर हेच. त्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलीमीटरचा, छर्रा साडेचार मिलीमीटरचा. ठिपक्याहून नऊपट रुंद वस्तूनं तो ठिपका गाठायचा! अभिनव बिंद्रानं २००८ साली बीजिंगला सुवर्ण घेतलं ते याच प्रकारात. त्या स्पर्धेत एअर पिस्तुलाच्या चापाला निदान ५०० ग्रॅमचा दाब लागलाच पाहिजे असा नियम आहे. एअर रायफलीला असं बंधन नाही. म्हणून तिथले चाप इतके हलके असतात की बोट टेकल्याचा भास पुरतो. २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवणारा स्वप्निल कुसाळे ५० मीटरचा, त्याची रायफल वेगळी, काडतुसाची. पण तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, आणि भुसावळकरांना नातं लावायला तेवढं पुरतं. शिवाय आमच्याच जिल्ह्यात वरणगावला लष्करासाठी काडतुसं बनतात, तेव्हा नेमबाजीवर बोलायचा हक्क आम्हाला आहेच.

हलक्या चापाचा मोह पुतण्यालाही झाला. चापाच्या पट्टीत दोन बारीक स्क्रू असतात, ॲलन की घालून फिरवायचे. एक पहिल्या टप्प्याची लांबी ठरवतो, दुसरा दाब. तो म्हणाला, "काका, अजून हलका करू का?" मी नको म्हणालो. खटका नावाला अडकलेला ठेवला तर बंदूक आपटली, पोत्यावर जरा जोरात टेकवली तरी सुटू शकते. ऑलिंपिकवाल्यांच्या शेडमध्ये कोंबड्या, पोरं आणि चहाचा थर्मास घेऊन येणारी वहिनी नसते. इथे असते.

०.१७७ बोअरच्या, म्हणजे साडेचार मिलीमीटरचा छर्रा घेणाऱ्या, २० ज्यूलच्या आत ताकद असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. त्यामुळे काही लोक तिला खेळणंच समजतात आणि लगेच वर बघतात, होला कुठे बसलाय, पोपट कुठे. आमच्या लहानपणी ते सर्रास चालायचं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तेव्हाही होता. आता निदान लोकांना माहीत आहे. ज्वारीवरचे पोपट उडवायला माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणं आणि त्यांना छर्रा घालणं यात फरक आहे, आणि तो फरक समजत नसेल त्याच्या हातात मी तरी बंदूक देत नाही. छर्रा शिशाचा असतो, हेही लोक विसरतात. हाताळून झाल्यावर त्याच हातानं भाकरी तोडू नये.

आता हवा. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार दाबाची हवा असते, हिच्या हवेच्या नळीत २०० बार. पुतण्याकडे हातपंप आहे, तीन टप्प्यांचा, उभा राहून सायकलच्या पंपासारखाच मारायचा, फक्त शेवटी शेवटी सगळं अंगच दांड्यावर टाकावं लागतं. जळगावकडचं एप्रिलचं ऊन, वर पत्रे. पंप इतका तापतो की मध्ये थांबून त्याला गार होऊ द्यावं लागतं, नाहीतर आतलं सील बिघडतं आणि हवेतली वाफही नळीत शिरते. नाना हे सगळं शांतपणे बघत होते. गोठ्याकडचं एक काम करून आले, पुन्हा बसले, पुतण्या अजून पंपच मारत होता.

मग त्यांनी बंदूक मागून घेतली. चष्मा कपाळावर चढवला, दस्ता खांद्याला लावला, चापाचा पहिला टप्पा दोनदा आत-बाहेर केला. ही खोड त्यांना कुणी शिकवली नव्हती. छर्रा पोत्यावर नाही, कागदावर लागला. आधीच्या भोकांच्या शेजारी, तसाच दोन बोटं खाली. त्यांनी बंदूक पुतण्याच्या हातात परत दिली, पंपाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "चाप बेस शे. पन हाऊ पंप रोज कोन मारी?"

पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा थर्मास शोधायला लागलो.