वरातीतलं 'झिंगाट'

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मी बँडमध्ये कॅसिओ वाजवतो आणि सोलापूर, बार्शी, करमाळा या पट्ट्यात आमच्या सुपाऱ्या असतात, हे कळलं की समोरचा माणूस थोड्या वेळाने हमखास हेच विचारतो. 'सैराट'चा शेवट अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलाय, मग लोक लग्नात 'झिंगाट'वर नाचतात कसे? जातीबाहेर लग्न केलं म्हणून ज्या जोडप्याला मारून टाकलं, त्यांचं गाणं जात बघून जमवलेल्या लग्नात? विचारणाऱ्याने बहुतेक वेळा उत्तरही ठरवलेलं असतं, की लोकांना काही कळत नाही, ठेका मिळाला की झालं.

मला हे अजिबात पटत नाही. लोकांना कळतं. ते गाणं वर्षानुवर्षं वाजवताना मी समोरची तोंडं बघत आलोय, म्हणून सांगतो.

आधी हे गाणं सिनेमात कुठे येतं ते आठवा. पाटलाच्या घरी अर्चीच्या भावाचा, प्रिन्सचा वाढदिवस असतो. मासे धरणाऱ्याचा पोरगा परश्या मित्रांना घेऊन तिथे जातो आणि सगळ्यांच्या देखत नाचतो. नाच कोणासाठी चाललाय हे त्याला माहीत, तिला माहीत, मित्रांना माहीत. तीही नाचते. आणि त्याच वाढदिवसाला दोघं घरच्यांना सापडतात. पुढे मारहाण, पळापळ, पोलीस ठाणं, रेल्वे, हैदराबाद. म्हणजे गावात त्या दोघांच्या वाट्याला आलेला हा शेवटचा आनंद आहे. शेवटी आईकडच्या वस्तू घेऊन हैदराबादच्या घरी जी माणसं येतात त्यांत तोच प्रिन्स असतो. ज्याच्या वाढदिवसाला ते दोघं नाचले, तो.

आणखी एक गोष्ट आहे, ती ऐकणाऱ्यांच्या कानावरून निघून जाते. शेवटच्या कडव्यात पोरगा मस्तीत म्हणतो की गावाला माझ्या लग्नाची घाई झालीय, तू माझ्या लेकराची आई कधी होणार? थेटरात या ओळीला शिट्ट्या पडायच्या. सिनेमा संपतो तो त्याच लेकरावर. शेजारणीने घरी आणून सोडलेलं ते पोर रक्तात पाय भरवून बाहेर येतं आणि रडत चालू लागतं. अजय-अतुलच्या संगीताने काठोकाठ भरलेल्या सिनेमात त्या शेवटाला आवाजच ठेवलेला नाही. नागराज मंजुळे आमच्याच भागातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांनी गाण्यात हसण्यावारी नेलेली गोष्ट शेवटाला रक्तात आणून उभी केली. हा योगायोग असेल असं मी मानत नाही.

सिनेमा आला 29 एप्रिल 2016 ला, म्हणजे ऐन लग्नसराईत. थेटरात 'झिंगाट' लागलं की लोक खुर्च्या सोडून पडद्यासमोर जायचे, नाणी उधळायचे. काही ठिकाणी गाणं पुन्हा लावायला लावलं, गर्दी आवरेना म्हणून मध्यरात्रीचे खेळ लावले. मराठी सिनेमाने 100 कोटींच्या वर धंदा केल्याच्या बातम्या तेव्हा पहिल्यांदा वाचल्या. पण माझ्या लक्षात राहिलंय ते वेगळंच. ज्यांनी नाणी उधळली तीच माणसं दिवे लागल्यावर खुर्चीतून उठत नव्हती. बायका पदराने डोळे पुसत होत्या, पोरं एकमेकांकडे बघत नव्हती. आणि पुढच्या आठवड्यात तीच माणसं घरच्यांना घेऊन पुन्हा आली, पुन्हा त्याच गाण्यावर नाचली. शेवट ठाऊक असताना नाचली. त्यांना भोळं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बँडवाल्यांची त्या मे महिन्यात तारांबळ उडाली होती. गाणं बसवल्याशिवाय सुपारीच मिळेना. मोबाइलवर ऐकत ऐकत सूर लावले. मूळ गाण्यातला यंत्राचा ठोका आम्ही हलगी आणि ढोलावर वाटून घेतला, मधली सुरावट ट्रम्पेटला दिली. ट्रम्पेटवाल्याचे ओठ सुजायचे, कारण लोक एकदा ऐकून सोडतच नाहीत. धृपदाआधी आम्ही सगळे मिळून एक ठोका थांबतो. फक्त एक. त्या एका ठोक्यात अख्खी वरात श्वास धरते आणि मग एकदम उसळते. हे कोणी शिकवलं नव्हतं. गर्दीनेच ते आमच्याकडून करून घेतलं.

आमच्या भागात पूर्वी परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघाला की बाया मागून चालायच्या, करवल्या ताट धरून नवरदेवाजवळ. नाचायचे ते पुरुष, आणि त्यातले बरेचसे प्यालेले. या गाण्यापासून पोरी मध्ये आल्या. मग त्यांच्या मावश्या आल्या, मग नवरदेवाची आईसुद्धा. अर्ची पडद्यावर बिनधास्त नाचली म्हणून या बाहेर आल्या, असं मला ठाम वाटतं. 2018 मध्ये 'धडक' आला, हिंदी 'झिंगाट' आलं, तेही आम्ही बसवलं. पण इकडे फर्माईश मराठीचीच असते.

मग लोक नाचतात ते कशावर? माझं उत्तर असं आहे. लग्न जमवताना आडनाव विचारतात, गाव विचारतात, सोयरीक कुठे कुठे आहे ते काढतात. पोरापोरीला काय वाटतं ते शेवटी, तेही विचारलं तर. ज्यांची लग्नं अशी झाली त्यातल्या पुष्कळांच्या मनात एक माणूस राहून गेलेलं असतं. त्याचं नाव घरात काढता येत नाही. गाण्यातला पोरगा मात्र तिच्या दारात जाऊन, तिच्या बापासमोर, सगळ्या गावात ओरडून सांगतो. वरातीत नाचणारा माणूस तेवढा वेळ ती हिंमत अंगावर घेतो. चाळीशीच्या गृहस्थाला डोळे मिटून नाचताना बघितलं की मला यात शंका राहत नाही.

पण त्याने जात हलली असं मी म्हणणार नाही. हलगी पिढ्यान्पिढ्या कोणाच्या हातात होती हे इकडच्या माणसाला सांगायला नको. आमच्या बँडमधले बहुतेक जण त्याच घरांतले. गाणं रंगात आलं की वऱ्हाडातला माणूस आमच्या हलगीवाल्याला मिठी मारतो, त्याच्या तोंडात नोट देतो, त्याच्या खांद्याला खांदा लावून नाचतो. गाणं संपलं की पंगत बसते आणि काही गावांत अजूनही बँडचं जेवण मांडवामागे वेगळं वाढतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एकाच दुपारच्या, आणि मला दोन्हींचा हिशेब ठेवावासा वाटतो.

शेवट लोक विसरलेत का, या प्रश्नावर मला बार्शीकडचं एक लग्न आठवतं. परण्या निघायच्या आधी मुलीचे वडील बँडच्या गाडीपाशी आले. शेतकरी माणूस, नवा फेटा, हातात पानसुपारीचं ताट. म्हणाले, "दादा, काय पण वाजवा, 'सैराट'चं तेवढं नको." मी हो म्हटलं. वऱ्हाडातली पोरं दर चौकात 'झिंगाट' मागत होती, आम्ही दुसरं काही तरी वाजवून पुढे सरकत होतो. जेवताना त्यांच्या भावकीतल्या एकाने सांगितलं, थोरली मुलगी दुसऱ्या जातीच्या पोराबरोबर निघून गेली, पुण्यात असते, नीट संसार चाललाय, पण घरात तिचं नाव घेत नाहीत. संध्याकाळी हिशेब करायला वडीलच आले. पैसे मोजून झाले, घडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "थोरलीचं आवडतं गाणं ते." एवढं बोलून पाहुण्यांकडे गेले.

हा सिनेमा येऊन पोरं बिघडली, पळून जायला शिकली, असं म्हणणारे तेव्हा गावोगाव होते, आजही आहेत. पोरं त्याच्या आधीही पळत होती आणि मारलीही जात होती. सिनेमाने फक्त ते सगळ्यांना एकत्र बसवून दाखवलं.

दुसरं लग्न सोलापुरातलं. सकाळी नोंदणी कार्यालयात सह्या, संध्याकाळी मित्रांनी वर्गणी काढून घेतलेला छोटा हॉल. मुलगा आमच्यातला, मुलगी वरची समजतात त्या जातीतली. तिच्याकडून फक्त मामा आला होता, तोही उशिरा, आणि दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिला. मुलगी माझ्यापाशी येऊन म्हणाली, "दादा, 'झिंगाट' घ्या. पण मधेच तोडू नका, पूर्ण घ्या." वरातीत आम्ही शेवटचं कडवं गाळतो, कारण लोकांना धृपद हवं असतं. तिला ते कडवंच हवं होतं. ते आलं तसा तिने गायकाच्या हातातला माइक घेतला आणि लेकराची आई होण्याची ती ओळ नवऱ्याकडे बघत स्वतः म्हटली. हॉलमध्ये हशा पिकला, शिट्ट्या पडल्या. सिनेमाचा शेवट त्या हॉलमध्ये तिच्याइतका कोणाला ठाऊक असणार? तो ठाऊक असूनच ती ते म्हणत होती. मामा तोवर उठून पुढे आला होता, आणि नंतर त्या दोघांबरोबर नाचलाही.

आता सुपारी घेताना मी दोन्ही घरांना आधीच विचारतो, कोणतं गाणं वाजवायचं नाही. बहुतेक जण दारूची गाणी नकोत म्हणतात. 'सैराट'चं नाव घेणारा एखादाच असतो, आणि त्याला मी कारण विचारत नाही. बाकी सगळीकडे 'झिंगाट' होतं. रात्री 10 ला आवाज बंद करावा लागतो, पण त्याआधी हाताशी वेळ असेल तर आम्ही शेवटचं कडवंही घेतो.