सावंतवाडी ते जुनं गोवं, पायी

आमच्या वाडीतले दोघं-तिघं दरवर्षी आषाढात पंढरपूरला जातात, ते मला विचारतात तुमची वारी कधी रे, तर आमची नोव्हेंबरच्या शेवटी. २४ तारखेपासून जुन्या गोव्यात सायबाचा नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, ३ डिसेंबरला फेस्त, म्हणजे सण. सायब म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. सिंधुदुर्गातून, बेळगावकडून माणसं चालत जातात.

मी नवस बोलून निघालो नव्हतो. दोन वर्षं लागोपाठ आंब्याच्या कलमांचा मोहर गेला, एकदा अवकाळीत, एकदा थ्रिप्स किडीनी, औषधवाल्याची उधारी चढत गेली आणि शेवटी मी बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या, तिला सांगितलं लॉकरमध्ये आहेत. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायचो पण प्रार्थना नुसती तोंडातून. घरात बसवेना म्हणून ग्रुपबरोबर निघालो.

बांदा, पत्रादेवी, धारगळ. हायवेला सावली नाही, टँकर बाजूने गेला की गरम वाऱ्याचा फटका बसतो, त्यात रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, चालूच. माझ्या पुढे एक मावशी होती, साठीच्या पुढची, रबरी चपलेचा अंगठा तुटलेला तो सुतळीने बांधलेला, आणि माळेचे लाकडी मणी बोटांनी घासून घासून गुळगुळीत काळे झालेले. कोलवाळच्या पुलावर ती मागे राहून माझ्या बरोबरीने आली नि म्हणाली, "काय झालां रे झिला, इतको गप कित्याक?"

मी सगळं सांगितलं. पाटल्यांसकट. ती "देव बघतलो" वगैरे काहीच म्हणाली नाही, मधेमधे फक्त "मगे?" म्हणायची, आणि म्हापसा येईपर्यंत ऐकत चालली.

रात्री मुक्कामाला फादरनी बायबलमधल्या लूकच्या २४व्या अध्यायातली अम्माऊसची वाट वाचली. येशूला क्रुसावर मारलंय, दोन शिष्य यरुशलेम सोडून चाललेत, आणि तो स्वतः पुन्हा जिवंत होऊन त्यांच्याबरोबर चालायला लागतो तरी ते ओळखत नाहीत. मी हे लहानपणापासून ऐकतोय पण एक गोष्ट आत्ताच लक्षात आली की तो आल्या आल्या धीर देत नाही, आधी विचारतो, कशाबद्दल बोलताय? सगळं माहीत असून विचारतो. आणि ते म्हणतात आम्हाला केवढी आशा होती. होती! हे त्यालाच सांगतात, आणि तो ते सगळं बोलून होईपर्यंत ऐकून घेतो, शास्त्र वगैरे नंतर. मला तिथे रडू आलं, लाज नाही वाटली. कोलवाळच्या पुलावर माझ्याबरोबर कोण चालत होतं हे मला त्या रात्री कळलं असं मी मानतो.

दुसऱ्या दिवशी पणजीवरून रायबंदरचा लांबलचक रस्ता, एका बाजूला मांडवी. बॉम जेझू चर्चची भिंत बिनगिलाव्याच्या जांभ्या दगडाची, आमच्या घरांसारखीच. आत सायबाचं शव ठेवलेल्या चांदीच्या पेटीसमोर मिनिटभरच मिळतं. सायबाला चीनमध्ये जायचं होतं, किनारा जवळ दिसत असताना १५५२ साली शांगच्वान बेटावर तो वारला, पोचलाच नाही. तरी आपण त्याच्याकडे येतो.

बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि बायकोला फोन लावला. पाटल्यांचं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "पायाला फोड आलेत का?"