सहावं घर रिकामं

७ डिसेंबर, रविवार

सकाळी नऊपर्यंत बोटं वाकतच नव्हती. निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर यायचे दिवस सुरू झाले. नेमबाजीच्या रेंजवर चहाचा कप दोन्ही हातांत धरून उभा होतो, तेवढ्यात काकांनी पेटी पुढे सरकवली. "घे, मार. मग बोल."

आत वॉल्थर जीएसपी, स्पर्धेच्या नेमबाजीचं पिस्तूल, पॉइंट थर्टीटूमधलं. काका अठ्ठ्याहत्तरचे झाले. मोतीबिंदू काढूनही नेम धरायची पुढची साइट धूसर दिसते, म्हणून विकायचंय. गिऱ्हाईक म्हणून मला धरलंय, कारण गेली सहा वर्षं मी सासऱ्यांच्या वेब्ले रिव्हॉल्व्हरने सेंटर फायर हा स्पर्धाप्रकार मारतो आणि दर रविवारी त्या वेब्लेच्या नावाने खडे फोडतो.

वेब्ले की जीएसपी, या वादाला एअर पिस्तूलवाली पोरं 'जुनं की नवं' म्हणतात. मला हसू येतं. जीएसपी बाजारात आलं १९६८ साली, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटं. आमचं 'नवं' साठीला टेकलंय.

पण हातात घेतलं की कळतं, नवं म्हणजे काय. चौतीस वर्षं सातपूरच्या टूलरूममध्ये गेली, त्यामुळे कुठलीही वस्तू आधी हलवून बघायची सवय. हे खुळखुळत नाही. नळी बॉडीत पक्की बसलेली. मागेपुढे होतो तो फक्त आतला बोल्ट. मॅगझीन मुठीत नाही, ट्रिगरच्या पुढे. त्यामुळे मूठ करताना फक्त हाताचा विचार करायला जागा मिळाली, आणि नळीही हाताच्या जवळ, खाली आली. धक्का सरळ मागे दंडात येतो, तोंड फारसं उडत नाही. ट्रिगरचा अख्खा संच डब्यासारखा बाहेर निघतो. ज्याने हे काढलं त्याने कधीतरी स्वतः मेंटेनन्सची शिफ्ट केलेली असणार.

पहिला टप्पा मारला: पंचवीस मीटर, पाच मिनिटांत पाच गोळ्या, अशा सहा सिरीज. ३०० पैकी २७१. वेब्लेवर माझा आजवरचा सगळ्यात चांगला आकडा २४८.

काकांना आकडा सांगितला नाही. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलाच होता.

१० डिसेंबर, बुधवार

झोप नाही. देवळालीकडून तोफांचा सराव ऐकू येत होता. आता तोही थांबला.

मागच्या वर्षी ह्यूस्टनला मुलीकडे गेलो तेव्हा जावयांनी रेंजवर नेलं होतं, ते आठवत बसलो. तिथे भाड्याने काय हवं ते मिळतं. मी आधी कोल्ट १९११ मागितलं. फोर्टीफाइव्ह. नाइन एमएमसुद्धा आपल्याकडे साध्या लायसन्सवर मिळत नाही, तिथे मात्र ते दुकानात भाजीसारखं मांडलेलं. १९११ म्हणजे जॉन ब्राउनिंग या अमेरिकन बंदूककाराचं काम, अमेरिकन लष्कराने ज्या साली घेतलं तेच त्याचं नाव. लोखंडी, रिकामं असतानाच किलोच्या वर. २३० ग्रेनची जाडजूड गोळी संथ निघते आणि हाताला ढकलते, थप्पड मारत नाही. ट्रिगर सरळ रेषेत मागे येतो. छोट्याशा वाटेवर मधे कुठे खडा नाही. एका शॉटला अंगठ्याच्या बेचक्यात घोड्याने चिमटा काढला तेवढाच. चूक माझी, मूठ फार वर धरली होती.

मग ग्लॉक. ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२ मध्ये घेतलेलं, प्लास्टिकची बॉडी, सतरा गोळ्या. हातात घेतल्यावर खेळण्यासारखं वाटलं. ट्रिगर स्प्रिंग दाबल्यासारखा, मग एक भिंत, मग सुटतं. टार्गेटवर मात्र माझ्या गोळ्या कोल्टपेक्षा फार पसरल्या नव्हत्या, हे कबूल करायला हवं. जावई म्हणाले, "बाबा, हे मॉडर्न." मी काउंटरवरच्या पोराला विचारून दोन्ही उघडून पाहिली. गोळी सुटल्यावर नळीचं मागचं तोंड खाली झुकतं आणि स्लाइड मोकळी होते, ही मूळ युक्ती दोन्हींत तीच. कोल्टमध्ये नळीखाली एक छोटी लिंक आहे, ग्लॉकमध्ये उतार. सत्तर वर्षांनी प्लास्टिक आलं, आतली युक्ती म्हाताऱ्या ब्राउनिंगचीच राहिली.

टूलरूममध्ये हे रोजच बघितलं. संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आलं म्हणून कुणी गोल जॉब धरायचा जुना व्ही-ब्लॉक फेकून दिला नाही.

१४ डिसेंबर, रविवार

आज दुसरा टप्पा, रॅपिड. सगळा घोळ इथेच आहे.

टार्गेट तीन सेकंद समोर, सात सेकंद पाठमोरं. त्या सात सेकंदांत हात ४५ अंशांत खाली. टार्गेट वळलं की हात उचलायचा, एकच गोळी, पुन्हा खाली. असं पाच वेळा. जीएसपीला त्या सात सेकंदांत काहीच काम नसतं. बोल्टने पुढची गोळी स्वतःच घेतलेली असते. मी फक्त श्वास सोडतो.

वेब्लेला काम असतं. चक्रातल्या सहापैकी पाचच घरं भरलेली, कारण सिरीज पाचची. हात खाली असताना अंगठा वर न्यायचा, घोडा मागे ओढायचा, चक्र एक घर फिरतं, टक् असा आवाज येतो. वेळ भरपूर आहे, प्रश्न वेळेचा नाहीच. प्रश्न असा की अंगठा घोड्यावर जाऊन परत येतो तेव्हा मूठ केसभर सरकते. प्रत्येक गोळीला नवी मूठ. आणि घोडा न ओढता सरळ ट्रिगरनेच चक्र फिरवायचं म्हटलं तर ते ओढणं म्हणजे विहिरीतून भरलेली बादली शेंदल्यासारखं.

शिवाय साइट. वेब्लेची साइट ठोकून बसवलेली, फिरवायला स्क्रू नाही. माझं वेब्ले सातच्या काट्यावर चार बोटं खाली मारतं, म्हणून मी सहा वर्षं एकच्या काट्याकडे नेम धरतोय. म्हणजे जिथे मारायचंय तिथे बघायचं नाही. याला नेमबाजी म्हणायचं की हिशेब?

रॅपिडचे आकडे, ३०० पैकी: जीएसपी २५८, वेब्ले २१९. एक गोळी तर काळ्याच्या बाहेर पांढऱ्यात. शेजारच्या लेनवरच्या मुलीने, "सर, माझ्या टार्गेटवर नाही ना?" असं विचारलं.

नेमबाज जसपाल राणाने २००६ मध्ये दोह्याच्या आशियाई खेळांत याच प्रकारात ६०० पैकी ५९० मारले होते. आपण जीएसपीचे दोन्ही टप्पे मिळून ५२९ वर मिसळ खायला गेलो.

मिसळ खाताना काकांना अडचणीचं विचारलं. काडतुसं. वेब्ले काहीही खातं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, केएफ छापाची गोल नाकाची गोळी घाला, चालतं. जीएसपीला फक्त वॉडकटर लागतं, पुढून सपाट, केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीच्या काठापर्यंत आत बसवलेलं. गोल नाकाची गोळी त्या मॅगझीनमध्ये मावतच नाही. वॉडकटर कागदाला पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडतं, गुण मोजायला भांडण नाही, पण ते परदेशातून येतं आणि येईपर्यंत वाट बघावी लागते. गेल्या वर्षी पैसे भरून पाच महिने एक डबा आला नव्हता.

"मग ते पाच महिने काय केलंत?"

"ड्राय फायर. रिकाम्या पिस्तुलाचा नुसता ट्रिगर. रोज शंभर," काका म्हणाले. "तू वेब्लेवर पाच महिने खडकीची गोळी मारून काय शिकलास?"

तर्री एकदम तिखट लागली.

खरं तर निकाल ट्रिगरपाशीच लागला होता. नियम असा की किलोभर वजन ट्रिगरला टांगून पिस्तूल वर उचललं तरी घोडा पडता कामा नये. जीएसपीचा ट्रिगर त्या किलोला बरोबर उभा राहतो आणि जरा पुढे सुटतो. दर वेळी तिथेच. वेब्लेचा कधी इथे, कधी तिथे. मशीन चुकलं तर चालतं, पण दर वेळी तेवढंच चुकायला हवं. मग ऑफसेट देता येतो, तेवढी चूक आधीच वजा करता येते.

१८ डिसेंबर, गुरुवार

काकांना फोन करून हो सांगितलं.

आता खरी पंचाईत. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्सवर तीनाऐवजी दोनच हत्यारं. माझ्याकडे दोन आहेतच: आप्पांची बारा बोअरची बंदूक आणि हे वेब्ले. बारा बोअरचा विषय दादासमोर काढायची माझी छाती नाही. म्हणजे वेब्ले.

ते हिच्या वडिलांचं. दोन दिवस शब्द जुळवत होतो. आज जेवण झाल्यावर सांगितलं, तर ही भांडी आवरता आवरता म्हणाली, "अहो, द्या की मग. बाबांनी ते आयुष्यात एकदाही उडवलं नव्हतं. खंडेनवमीला काढायचे, पुसायचे, पुन्हा कपाटात."

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटायचं असतं तर सहा वर्षं तुम्ही त्याला रोज शिव्या घातल्यात, तेव्हाच नसतं वाटलं?"

यावर बोलायला काही उरलं नाही.

टेबलावर वर्तमानपत्र पसरून ते उघडलं. अंगठ्याने खटका दाबला की मधून मोडतं, आणि मोडता मोडता मागचा तारा वर येऊन केसेस बाहेर ढकलतो. हे एक मात्र जीएसपीला जमणार नाही. त्याच्या केसेस लेनभर उडतात, वाकून वेचाव्या लागतात. नळीतून फडकं फिरवलं. मुठीच्या पट्ट्या काढायला स्क्रूड्रायव्हर लावला तर स्क्रूच्या खाचेत तांबडं काहीतरी घट्ट बसलेलं. गंज वाटला. नखाने खरवडलं तर पूड निघाली. कुंकू. इतकी वर्षं मी ते साफ करतोय आणि पट्ट्यांना कधी हात लावला नव्हता.

हिला दाखवलं. हिने चष्मा लावून पाहिलं, थोडा वेळ हातात धरलं, आणि परत दिलं.

"काढून टाका ते. घेणाऱ्याच्या घरी कशाला आपलं कुंकू."

आणि आतून टूथपिक आणून दिली.