आमची वाटचाल : लादी, लिफ्ट आणि दर वर्षीची शिकवणी

ठाण्यात हाऊसकीपिंगची एजन्सी काढायला फारसं काही लागत नाही. चार मावश्या, दोन पोरं, एक रबर स्टॅम्प आणि ओळखीचा एखादा सोसायटी सेक्रेटरी. पीएफचा कोड, ईएसआयसी म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची नोंदणी, लायसन्स हे मागाहून होतं, काहींचं होतही नाही. म्हणून या धंद्यात रोज कुणीतरी नवा उतरतो आणि रोज कुणीतरी फोन बंद करून गायब होतो. आम्ही टिकलो. निम्मं श्रेय आमच्या माणसांचं. उरलेल्यातला मोठा वाटा मी आमच्या धंद्यातल्या वार्षिक परिषदेला देते. इमारतींच्या साफसफाईची आणि देखभालीची कंत्राटं घेणारे लोक वर्षातून एकदा दोन-तीन दिवस एकत्र बसतात, वह्या काढतात आणि शिकतात. आमची वाटचाल मी त्याच अंगाने लिहिणार आहे. रोपट्याचा वटवृक्ष झाल्याच्या गोष्टी बाकीच्यांनी लिहून ठेवल्या आहेतच.

मी आधी वाशीच्या एका हॉटेलात हाऊसकीपिंगला होते. धाकटे दीर वागळे इस्टेटमधल्या एक-दोन कारखान्यांना माणसं पुरवायचे. २०११ साली दोघांनी मिळून फर्म काढली. वागळे इस्टेटमधले जुने गाळे पाडून ऑफिसं उभी राहत होती, तिथली कामं पहिल्यांदा मिळाली. मग महापे, ऐरोली. घोडबंदर रोडला टॉवर उठायला लागले तसे आम्ही सोसायट्यांत शिरलो, आणि आज निम्म्याहून जास्त काम तिकडचंच आहे.

त्या वेळी कोटेशन देण्याची पद्धत सगळीकडे एकच होती. आधीचा ठेकेदार माणशी काय घेतो ते वॉचमनकडून काढायचं आणि त्यातून पाचशे कमी करायचे. किती चौरस फूट आहे, किती जिने, कचऱ्याचे किती डबे, हे कुणी विचारत नसे. "आठ माणसं द्या," कमिटी म्हणायची. आठच का, याचं उत्तर कमिटीकडे नसायचं आणि ठेकेदाराकडेही नसायचं.

परिषदेचं पत्रक पहिल्यांदा आलं तेव्हा भाऊजी हसले. "वहिनी, झाडू मारायला शिकायला एवढ्या मोठ्या हॉटेलात कशाला जायचं? त्या पैशांत लादी घासायचं एक सिंगल डिस्क मशीन येईल." मशीन खरोखरच आलं असतं. मी तरी गेले. हॉटेलात नोकरी केलेल्या माणसाला एक माहीत असतं, की मशीन चालवणाऱ्याला काम मोजता आलं नाही तर मशीन कोपऱ्यात धूळ खातं.

परिषदेत दोन जगं असतात. बाहेरच्या हॉलमध्ये स्टॉल. तिथे ऑटो स्क्रबर, काच पुसणारे रोबो, सुगंधाची यंत्रं, फुकटच्या पिशव्या आणि फोटो काढणाऱ्यांची झुंबड. आतल्या खोल्यांत सत्रं. तिथे अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. उद्घाटनाला एखादे प्रेरणादायी वक्ते असतात, त्या तासात मी चहा घेते. माझा अनुभव असा, की ज्या सत्राचं नाव सगळ्यात कंटाळवाणं, त्यातच पैसे असतात.

मला धरून ठेवलं ते कामाच्या वेळेच्या हिशेबाने. अमेरिकेत अशा ठेकेदारांची स्वतःची संघटना १९६५ पासून आहे. सफाई उद्योगाची आयएसएसए ही संघटना त्याहून जुनी, १९२३ ची. सफाईच्या ६१२ कामांना किती वेळ धरायचा, याचे तक्ते तिने छापलेत. कुठलं काम, कुठल्या अवजाराने, किती जागेला किती मिनिटं. मी तो तक्ता पाहिला आणि वाटलं, आता आठ माणसांचा प्रश्न सुटला.

सुटला नाही. ते आकडे आपल्याकडे जसेच्या तसे बसत नाहीत. तिकडे मोठ्या इमारतींत सफाईवाल्यासाठी वेगळी खोली धरलेली असते, तिथेच नळ, तिथेच सिंक. आपल्याकडे नळ पोडियमला, म्हणजे टॉवरच्या पायथ्याच्या सामाईक मजल्यावर, नाहीतर थेट गच्चीवर. शिवाय घोडबंदर रोडला मेट्रो चारच्या कामाची धूळ आणि पावसाळ्याचे चार महिने बुटांना चिकटून येणारा चिखल कुठल्याच तक्त्यात नाही. सत्र घेणाऱ्या बाईंनी हे आधीच सांगितलं होतं : आकडे नेऊ नका, मोजायची रीत न्या.

म्हणून कासारवडवलीकडच्या एका सत्तावीस मजली टॉवरवर आम्ही घड्याळ लावून मोजायला बसलो. मी आणि आमच्या तिथल्या सुपरवायझर मावशी. मावशी कळव्याहून येतात, पूर्वी स्वतः जिने पुसायच्या. एक मजला झाडून, पुसून, लिफ्टच्या दाराचे ठसे काढून व्हायला लागणारा वेळ आम्हाला वाटला त्याहून बराच कमी निघाला. मग पोरं दमतात कशाने? मावशींनी वहीत दोन वेगळे रकाने आखले, "लिफ्टसाठी उभं" आणि "पाण्यासाठी फेरी". सकाळी सात ते साडेआठ लिफ्ट दूधवाल्याची, पेपरवाल्याची, शाळेच्या पोरांची आणि कुत्रा फिरवणाऱ्यांची. बादली घेतलेल्या माणसाला त्या लिफ्टमध्ये जागा कोण देणार? तो उभा राहतो, तेवढ्यात बादलीतलं पाणी काळं झालेलं असतं, म्हणून पुन्हा खाली जातो. दोन रकान्यांची बेरीज केली तर प्रत्यक्ष पुसण्यापेक्षा ती मोठी निघाली. कागद कमिटीपुढे ठेवला तेव्हा सेक्रेटरींनी चष्मा वर करून दोनदा वाचला.

त्यावर केलेले बदल साधेच होते. लिफ्टची आतली सफाई आणि वरचे मजले सहाच्या आत. कमिटीच्या परवानगीने रेफ्युज मजल्याजवळच्या डक्टमधल्या पाइपावर एक नळ. तिथे सामान मात्र ठेवायचं नाही ही त्यांची अट, आणि ती रास्तच. आग लागली तर माणसांनी थांबायची ती जागा आहे, आपले झाडू ठेवायची नाही. शिवाय परिषदेतून उचललेली एक गोष्ट : बादली न्यायचीच नाही. मायक्रोफायबरचे चपटे पॅड सकाळी मोजून भिजवायचे, डब्यात घालून वर न्यायचे, एका मजल्याला एक स्वच्छ पॅड आणि मळका पिशवीत. संध्याकाळी सगळे मशीनमध्ये धुवायचे. ब्लीच नाही, कपड्यांचं सॉफ्टनर नाही, नाहीतर धागा खराब होतो आणि पॅड पाणी धरत नाही. टॉवरवर एक माणूस मोकळा झाला. त्याला कमी केलं नाही, पोडियम आणि ओला-सुका कचरा वेगळा करण्यावर लावला. २०१६ च्या घनकचरा नियमांनंतर मोठ्या सोसायट्यांच्या मागे ते काम लागलंच होतं आणि त्याला माणूस मिळत नव्हता.

त्यानंतर मी ठरवलं, परिषदेला एकटीने जायचं नाही. पुढच्या खेपेला मावशींना नेलं. भाऊजींनी दुप्पट फीवरून कुरकुर केली, मावशींनी "मला इंग्रजी कुठं येतं" म्हणून केली. सत्रं हिंदी-इंग्रजी मिश्रणात चालतात, आणि आपल्या कामाबद्दल कुणी बोलत असेल तर अर्धं हातवाऱ्यांवरून कळतं.

रसायनांच्या सत्रात एक वर्तुळ दाखवलं. हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये मांडलेलं. सफाईचे चार भाग : रसायन, घासणं, तापमान आणि वेळ. एक कमी केलात तर दुसरा वाढवावा लागतो. मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या, "म्हणजे करपलेलं पातेलं भिजत घालायचं. एवढंच ना?" एवढंच. पण टॉयलेटमध्ये क्लीनर टाकून लगेच पाणी ओतणारी पोरं मी किती वर्षं पाहत होते, आणि त्यांना ते असं कुणी सांगितलं नव्हतं. आता आमच्या साइटवर आधी टॉयलेटच्या सगळ्या भांड्यांत क्लीनर टाकायचं, मग आरसे आणि बेसिन, मग परत पहिल्या भांड्याशी. वेळ तेवढाच, घासणं निम्मं.

त्याच सत्रात मार्बलच्या तुकड्यावर लिंबू पिळून दाखवलं. बुडबुडे आले, पुसल्यावर चकाकी गेलेली. मार्बल म्हणजे चुन्याचाच दगड, आम्ल त्याला खातं. ठाण्यातल्या किती लॉबी दारावर विकत मिळणाऱ्या ॲसिडने मेल्यात, ते मी मोजू शकणार नाही. रहिवासीच म्हणतात, "वास आला पाहिजे, तरच साफ झाल्यासारखं वाटतं." वासासाठी कुणी ॲसिडमध्ये ब्लीच मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरतो. आमच्या प्रत्येक साइटच्या सामानाच्या कपाटावर आता मावशींच्या अक्षरातली पाटी आहे : "दोन बाटल्या एकत्र करणाऱ्याला घरी पाठवण्यात येईल."

पैशांचं सत्र दर वर्षी असतं आणि मी दर वर्षी बसते, कारण दर वर्षी काहीतरी बदललेलं असतं. ठोकळ हिशेब असा. मजुरी १०० रुपये धरा. त्यावर मालकाचा पीएफ, विमा आणि प्रशासकीय खर्च मिळून १३, ईएसआयसी ३.२५, बोनस किमान ८.३३, ग्रॅच्युइटी ४.८१. झाले १२९ रुपये ३९ पैसे. साइट आठवड्याचे सातही दिवस चालत असेल तर सहा माणसांमागे एक बदली लागते, म्हणजे आकडा १५१ च्या घरात जातो. भरपगारी रजा, गणवेश, गमबूट, पॅड, केमिकल अजून धरलेलंच नाही, आमचा नफा तर दूरच. त्यामुळे समोरचा १२० मध्ये करून देतो म्हणाला तर तो काही जादूगार नसतो, कुणाचा तरी पीएफ बुडत असतो. आणि ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती देण्याची जबाबदारी काम करवून घेणाऱ्यावर येते, हे मी कमिट्यांना सांगते तेव्हा चहा येतो आणि बोलणी शांतपणे सुरू होतात.

मागच्या परिषदेत सगळ्यात जास्त गर्दी श्रमसंहितांच्या, म्हणजे नव्या कामगार कायद्यांच्या सत्राला होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही संहिता लागू झाल्यात. एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त रक्कम भत्त्यांत दाखवली तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. मूळ पगार बारीक आणि भत्ते फुगलेले, अशा स्लिपा काढून पीएफ वाचवणाऱ्यांचे चेहरे त्या खोलीत बघण्यासारखे होते. ठरावीक मुदतीवर नेमलेल्या माणसाला एका वर्षाने ग्रॅच्युइटी, हा मुद्दा मी वहीत दोनदा अधोरेखित केला.

आमच्या महिन्याचं कॅलेंडर वाचकांना गंमतीचं वाटेल. सात तारखेपर्यंत पगार, पंधरापर्यंत पीएफ आणि ईएसआयसी, वीस तारखेला १८ टक्के जीएसटी, मग तो समोरून आलेला असो वा नसो. आणि आमचं बिल? "पुढच्या मीटिंगमध्ये बघू." एका सत्रातून कळलं की उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या छोट्या फर्मचं बिल ४५ दिवसांत दिलं नाही, तर समोरच्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी प्राप्तिकरात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. आम्ही बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापायला लागलो. सोसायट्यांवर याचा काही परिणाम नाही, पण महापे-ऐरोलीच्या कंपन्यांतले अकाउंट्सवाले मार्च जवळ आला की आता स्वतःहून फोन करतात.

कागदावर न येणारी गोष्ट म्हणजे जेवणाच्या टेबलावरची मंडळी. नाशिक, कोल्हापूर, नागपूरचे ठेकेदार. आपसात स्पर्धा नाही, म्हणून खरे आकडे सांगतात. ठाण्यातला माणूस मला त्याचा रेट मरेपर्यंत सांगणार नाही. चेंबरमध्ये आणि टाकीत माणूस उतरवायचा नाही हे करारात लिहूनच घ्या, हा सल्ला तिथल्याच एका काकांचा. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवणं गुन्हाच आहे, तरी एसटीपी (सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र) तुंबला की "तुमच्या पोराला जरा उतरवा ना, दोन मिनिटांचं काम" असा फोन येतोच. आता आम्ही कराराचं पान काढून दाखवतो आणि जेटिंग मशीनवाल्याचा नंबर देतो. एक काम यावरून सुटलं. सुटू दिलं.

सगळंच तिथलं उपयोगी नसतं. रोबोचं प्रात्यक्षिक पाहून भाऊजी भारावले होते (हो, आता तेही येतात, आणि फीबद्दल बोलत नाहीत). पोडियमच्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर तो रोबो कसा चालेल, असं मावशींनी स्टॉलवाल्याला विचारलं. त्याने माहितीपत्रक दिलं.

या वर्षी मावशींबरोबर ऐरोलीच्या साइटवरचे दोन नवे सुपरवायझर जाणार आहेत. त्यासाठी आम्ही प्रत्येक कोटेशनमध्ये प्रशिक्षणाची वेगळी ओळ टाकायला लागलो, माणशी थोडीशीच रक्कम. मागच्या महिन्यात मानपाड्याच्या एका सोसायटीच्या खजिनदारांनी नेमकी तीच ओळ पेनने खोडली. "मॅडम, हे काय नवीन? एवढं कमी करा, मग सही." मी कागद परत घेतला, तेवढ्याच रकमेची रूम फ्रेशनरची ओळ खोडली, प्रशिक्षणाची पुन्हा लिहिली आणि कागद पुढे सरकवला. त्यांनी बेरीज तपासली आणि सही केली.