फोनवरून दृष्ट काढली तर चालते का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. भिशीतल्या बायका विचारतात, मुलं परदेशी असलेल्या मैत्रिणी विचारतात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी काकूंनीही विचारलं: व्हिडिओ कॉलवर नातवंडाची दृष्ट काढली तर चालते का हो?

चालते. पण हात तिकडचा हवा.

माझी लेक न्यू जर्सीत, एडिसनला असते. नात साडेतीन वर्षांची. सुरुवातीला मी इथे कराडला फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायची आणि त्या पडद्यासमोरच मुठी फिरवायची. मीठ-मोहऱ्या माझ्या गॅसवर तडतडायच्या. सगळं रीतसर, तरी मन भरायचं नाही. माझ्या सासूबाई पोराला पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसवायच्या, दोन्ही मुठींत मीठ-मोहऱ्या घ्यायच्या आणि हात एकमेकांवरून आडवे नेत डोक्यापासून पायापर्यंत उतरवायच्या. मूठ इतकी जवळून जाते की लेकराचा श्वास मनगटाला लागतो. अंग कढत आहे का, पोट धरून बसलंय का, नुसतं झोपेला आलंय, सगळं कळतं. कितीदा तरी सासूबाई मध्येच थांबून म्हणायच्या, "ही दृष्ट नाही गं, ताप आहे. आधी डॉक्टरकडे ने." काचेवरून मला ते कसं कळणार?

म्हणून लेकीला शिकवलं. पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. तिच्याकडे निखारे कुठले, विजेची शेगडी. तिने तव्यावर दोन सुक्या मिरच्या टाकल्या. मिरची जळूनही ठसका लागला नाही, तर दृष्ट जबर होती असं आपण समजतो. तिथे ठसका तर लागलाच, वर छतावरचा धुराचा अलार्म असा काही किंचाळला की नात भेदरून आईला चिकटली. त्या दिवसापासून मिरच्या बंद केल्या. आता लेक मीठ-मोहऱ्या नळाच्या धारेखाली सोडते. मीठ विरघळून जातं, गाळणीत अडकलेल्या मोहऱ्या कचऱ्यात जातात. माझं माहेर नदीकाठचं, तिथे बायका पाण्यातच सोडायच्या. त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटत नाही.

वेळ तिन्हीसांजेची, आणि ती लेकराच्या घरची. तिकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा इथे पहाटेचे साडेचार असतात. मी उठते, चूळ भरते, देवापाशी दिवा लावते आणि फोन लावते. शब्द माझे, मुठी लेकीच्या. "आल्यागेल्याची, वाटसरूची, पाप्याची, भुताखेताची..." जुन्या म्हणण्यात 'पाप्याचांडाळाची' आहे. त्यातला चांडाळ मी गाळते. ते जातीचं नाव आहे. लेकराची पीडा उतरवताना कुणाच्या जातीला शिवी द्यायची नाही, हे लेकीलाही बजावलंय.

माझी झोपमोड नको म्हणून जावयांनी एकदा माझा आवाज रेकॉर्ड करून घेतला. कळकळीनंच केलं त्यांनी. चार दिवस तेच लावलं. पाचव्या दिवशी मी लेकीला विचारलं, आज घरी कोण कोण आलं होतं? म्हणाली, शेजारच्या काकू येऊन गेल्या, केस किती दाट आहेत म्हणाल्या. पाळणाघरात नवीन बाई आल्यात, त्या हिला कडेवरून खाली ठेवत नाहीत. मी म्हटलं, मग यातलं त्या रेकॉर्डिंगला काय माहीत? 'आल्यागेल्याची' म्हणताना त्या दिवशीचे आलेगेले आठवायचे असतात. पोराचा अख्खा दिवस एकदा डोळ्यांखालून घालायचा असतो. दृष्ट उतरते ती तिथे, असं मी मनापासून मानते. रेकॉर्डिंग पुसायला लावलं.

फोनची एक बाजू मात्र वाईट आहे. आमच्या गल्लीतल्या एका आजींना फोनवर एका माणसानं सांगितलं, नातवावर करणी झालीय, फोटो पाठवा, इथून उतरवतो. आधी ५०१ रुपये घेतले, मग ११ हजार, क्यूआर कोडवर. वर म्हणाला, औषधं बंद करा. ते ऐकलं आणि मी आजींचा हात धरून त्यांना पोलीस ठाण्यात घेऊन गेले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात, अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि इतकी वर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड आहे त्यात. घरातल्या ज्या विधीनं कुणाला इजा होत नाही, कुणाचे पैसे बुडत नाहीत, त्याला तो कायदा हात लावत नाही. दृष्ट काढायचे पैसे मागणाऱ्याला आपलं लेकरू दाखवू नका, फोटोतूनसुद्धा नाही.

फोटोला दृष्ट लागते का, हेही विचारतात. माझी भाची बाळाचा फोटो पाठवण्याआधी फोनमध्येच त्याच्या गालावर काळी तीट काढते. कुणी निळ्या डोळ्याचं चिन्ह जोडतात. तुर्कस्तानात नजर लागू नये म्हणून वापरतात तो मणी, २०१८ साली तो इमोजींत आला. मला भाचीची तीट जास्त आवडते, कारण ती तिच्या बोटानं लावलेली असते.

आणि आईबापाची दृष्ट सगळ्यात आधी लागते, असं आपल्याकडे म्हणतातच. गेल्या महिन्यात नात म्हणाली, "आजी, तू मला रोज बघतेस ना गं?" खरंच, दिवसातून चार-चारदा त्या पडद्यात डोळे लावून तिला बघणारी मीच. तेव्हापासून शेवटी एक ओळ वाढवली आहे: "आईबापाची, फोनातून बघणाऱ्या आजीची." एवढं म्हणते. लेक मुठी तिच्या पायांपर्यंत आणते, नळ सोडल्याचा आवाज येतो, मग मी फोन ठेवते.