बोटीच्या पोटातलं पाणी

नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या शेडमध्ये एरवी टाक्या, केबिन, पंख्यांचे हूड असलं फायबरचं काम चालतं. बोट आली की मात्र पोरं हातातलं टाकून भोवती जमतात. ही गंगापूर धरणावरची, एका हौशी मालकाची. तक्रार एवढीच, "मागं पाय ठेवला की तळ दबतोय."

रुपयाचं नाणं घेऊन तळभर ठोकत गेलो. पुढं टणटण, मागं बद्द. बद्द वाजणाऱ्या भागाला मार्करने वेढा घातला, तर बिल्ज पंपाचे, म्हणजे तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचे, स्क्रू बरोबर मधोमध! ग्राइंडरने आतला फायबरचा थर कापून उचलला आणि काळं, आंबूस पाणी वर आलं. कोअर, म्हणजे फायबरच्या दोन थरांमधला गाभा, बाल्सा या हलक्या लाकडाचा. पंपाखाली नुसता लगदा, आणि वीतभर पलीकडे तेच लाकूड पांढरं, खडखडीत. बाल्साचे ठोकळे लाकडाच्या रेषा उभ्या ठेवून बसवतात, त्यामुळे लाकडातून पाणी आडवं सहजी सरकत नाही. पण ठोकळ्यांमधल्या फटी रेझिनने भरल्या नाहीत तर त्यांचेच पाट होतात. इथं तेच झालं होतं.

मालक म्हणाले, "लाकूड नकोच मिस्त्री. थर्माकोल भरा, हलका अन् स्वस्त."

मी वाटीत पॉलिएस्टर रेझिन घेऊन थर्माकोलचा तुकडा टाकला. रेझिनमधल्या स्टायरीनने तो डोळ्यांदेखत विरघळला. मग पीयू (पॉलियुरेथेन) फोम? तो रेझिनमध्ये टिकतो, पण तळाला लाटांचे दणके बसले की थरालगत त्याचा भुगा होतो.

शेवटी घनमीटरला ८० किलोचा क्रॉसलिंक्ड पीव्हीसी फोम ठरला. पेशी बंद, त्यामुळे पाणी पीत नाही. महाग आहे, आणि ताठपणात बाल्साच सरस. नीट सीलबंद केलेल्या बाल्साला मी आजही नाही म्हणणार नाही. फोमखाली हवा राहिली तर तोही सुटतो, म्हणून व्हॅक्यूम बॅग लावून, म्हणजे वर प्लॅस्टिक सीलबंद करून आतली हवा खेचूनच, बसवला.

माझ्या मते खरा दोष स्क्रूंचा. पंप लावणाऱ्याने ते थेट कोअरमध्ये पिळले होते. आधी मोठं भोक पाडायचं, ते घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने भरायचं, सेट झालं की त्यातच मापाचं भोक. तळातून आरपार जाणाऱ्या फिटिंगभोवती तर कोअर ठेवायचाच नाही, नुसतं भरीव लॅमिनेट, म्हणजे फायबर-रेझिनचे थरावर थर.

बोट न्यायला आले तेव्हा मालकांच्या हातात गळाच्या रॉडचा नवा होल्डर अन् चार स्क्रू. म्हणाले, "हे घरीच लावतो."

म्हटलं, "साहेब, ठेवा इथं."