रापणीचे रोपण

मालवणात मी गेली १८ वर्षे अक्षरजुळणी आणि छपाईचे काम करते. लग्नपत्रिका, जत्रेची निमंत्रणे, सहकारी संस्थांचे अहवाल असे माझे नेहमीचे काम. त्या वर्षी किनाऱ्यावरच्या एका रापण संघाची ६४ पानी स्मरणिका माझ्याकडे आली होती. होडीतून अर्धवर्तुळात जाळे समुद्रात सोडायचे, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आणायचे आणि साऱ्या वाडीने मिळून ते ओढायचे, ही रापण. आलेल्या मासळीचे तिथेच वाटे पडतात. हा शब्द मला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणूनच पुढे जे झाले ते मला इतके लागले.

आदल्या रात्री मी लिब्रेऑफिसमध्ये शुद्धलेखन तपासणी चालवून शेवटचा हात फिरवत होते. पानापानावर तांबड्या रेघा होत्या आणि सकाळी प्रूफ द्यायचे होते. त्या घाईत मी वाक्ये वाचत नव्हते, फक्त रेघा मिटवत होते. 'रापण'खाली रेघ आली, पर्यायांत पहिला शब्द 'रोपण' होता आणि मी 'सर्वत्र बदला' दाबले. 'रापणीच्या', 'रापणीत' या रूपांना जवळचा पर्याय आला नाही, म्हणून तिथे 'दुर्लक्ष करा' दाबले. पाने स्वच्छ दिसू लागल्यावर मुखपृष्ठाच्या ५०० प्रती मी रात्रीच छापून घेतल्या.

सकाळी संघाचे एक ज्येष्ठ सभासद प्रूफ न्यायला आले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. चष्मा लावून त्यांनी मुखपृष्ठ थोडे लांब धरून पाहिले आणि ते शांतपणे म्हणाले, "बाय, ह्यां रोपण खंयसून इलां? आमची रापण खंय गेली?"

मला उत्तर देता येईना. आतल्या एका पानावर तर मथळ्यात 'रोपण' आणि त्याखालच्या ओळीत 'रापणीचे मासे' असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी उभे होते. 'रोपण' हाही मराठीतला खरा शब्द असल्यामुळे त्याखाली रेघ येण्याचे कारणच उरले नव्हते. चूक पानात शिरली आणि त्याच क्षणी तपासणीच्या नजरेआड झाली.

मुखपृष्ठे माझ्या खर्चाने पुन्हा छापायची असे मी सांगितले आणि मजकूर दुरुस्त करायला बसले. पण हे कशामुळे झाले ते समजल्याशिवाय मला चैन पडणार नव्हते. लिब्रेऑफिसमागे शब्द तपासणारी प्रणाली आहे ती हनस्पेल. फायरफॉक्स आणि क्रोममध्येही तीच आहे. स्टॅनफर्डमध्ये १९७१ साली राल्फ गोरिन यांनी लिहिलेल्या 'स्पेल' या प्रोग्रॅमपासून ही परंपरा सुरू होते. एखादे अक्षर चुकले, गळले, जास्तीचे पडले किंवा शेजारची दोन अक्षरे उलटली, असे धरून खरे शब्द शोधायचे ही त्याची रीत होती. पर्याय सुचवण्यामागे आजही मुळात हाच विचार असतो. 'रापण' आणि 'रोपण' यांत फरक एकाच मात्रेचा आहे. यंत्राने आपले काम चोख केले होते, त्याच्या कोशात आमचा शब्दच नव्हता.

हनस्पेल लिहिले ते हंगेरीच्या लास्लो नेमेथ यांनी. त्याआधी ओपनऑफिससाठी केविन हेंड्रिक्स यांनी केलेले मायस्पेल होते, पण प्रत्ययांवर प्रत्यय चढणाऱ्या हंगेरियन भाषेला ते अपुरे पडत असे. नेमेथ यांनी एकावर एक असे दोन प्रत्यय सोडवण्याची सोय केली आणि युनिकोडही आणले. आपल्या भाषेचे दुखणे नेमके हेच आहे. 'किनाऱ्यावरच्यांनासुद्धा' या एका शब्दात सामान्यरूपापुढे चार तुकडे जोडलेले असतात, त्यामुळे नियम लिहिणाऱ्याला त्यांतले काही आधीच एकत्र बांधून ठेवावे लागतात.

आबा बाकावर बसूनच होते. मी कोशाच्या दोन्ही फायली साध्या मजकुराच्या खिडकीत उघडल्या. एकीत दर ओळीला एक मूळ शब्द, त्यापुढे तिरकी रेघ आणि नियमाची खूण. दुसरीत ते नियम: शेवटून काय काढायचे, काय लावायचे आणि शब्दाचा शेवट कसा असेल तर. नियमात नुसती मात्रा लिहिली की ती पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटलेली दिसते. हे सगळे उघडे असते, वाचता येते आणि बदलता येते, याचे मोल मला त्या दिवशी खरे कळले. 'रापण' योग्य खुणेसह एकदा लिहिताच 'रापणीत', 'रापणीच्या', 'रापणीसाठी' ही सारी रूपे आपोआप शुद्ध ठरली.

पण खूण योग्य हवी. दळलेले पीठ 'पिठात' होते आणि शारदेचे पीठ 'पीठात' राहते, कारण तत्सम शब्दाचा दीर्घ इकार सामान्यरूपात ऱ्हस्व होत नाही. एकाच लेखनाच्या या शब्दाला दोन वेगवेगळ्या खुणा द्याव्या लागतात, आणि ते कोणतेही यंत्र आपल्या मनाने ठरवू शकत नाही. म्हणून मी आबांना एकेक शब्द विचारू लागले. 'खाजण'चे काय होते? "खाजणात," ते म्हणाले. 'खलाटी'चे? "खलाटीत." 'तांडेल'चे? "तांडेलाक," असे म्हणून ते थांबले आणि स्वतःच म्हणाले, "पुस्तकात तांडेलाला लिव." चहा दोनदा झाला. दुपारपर्यंत ४० शब्द झाले.

एक अडचण 'किनाऱ्यावर' या शब्दाने आणली. जुन्या फॉन्टमधून युनिकोडात आणलेल्या लेखांत त्याखाली रेघ होती, मी टंकलेल्या लेखांत नव्हती आणि डोळ्यांना दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसत होते. यातला आडवा अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: नुक्त्याच्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह ठेवून. आत येणारी अक्षरे तपासणीआधी बदलून घेण्याचा तक्ता हनस्पेलमध्ये असतो, त्यात एक ओळ घातल्यावर दोन्ही एक झाले.

शेवटचा शब्द आबांनी आपणहून सांगितला, 'गाबीत', म्हणजे किनाऱ्यावरचा मासेमारी करणारा समाज. नियम असा लिहिला की शेवटचे 'ीत' काढायचे आणि 'िता' लावायचे. फाईल साठवली, लिब्रेऑफिस बंद करून पुन्हा उघडले आणि 'गाबितांच्या' टंकले. रेघ आली नाही. मग मुद्दाम 'गाबीतांच्या' टंकले. तांबडी रेघ लगेच उमटली, आणि पर्यायांत पहिला शब्द होता 'गाबितांच्या'.